उंच केलेली जीप आणि उस्तादांचा डावा हात

लष्कराच्या रिक्रूटिंग पार्टीबरोबर माझी पोस्टिंग सोलापूर जिल्ह्यात झाली. मी क्राफ्ट्समन होतो, म्हणजे गाड्यांचा मेकॅनिक. दुष्काळ सरला होता. उसाचा पहिला चांगला हंगाम सुरू झाला होता. पार्टीत आम्ही तिघे होतो. एक सुभेदार साहेब, दुसरे हवालदार मारुती वाघमोडे आणि तिसरा मी. वाघमोडे माळशिरस तालुक्यातले. जीप तेच चालवत. मी त्यांना उस्ताद म्हणत असे आणि ते मला माढेकर म्हणत, कारण माझे गाव माढ्याकडचे. त्यांच्या पेन्शनला एक वर्ष राहिले होते.

आता मी फौजेतून सुटून कॉलेजात आहे. तिथले मित्र मला लढाईचे विचारतात. मी लढाई पाहिलेली नाही. आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच, त्यामुळे असे लिहिण्याची सवयही नाही. जे पाहिले ते सांगतो.

रोजचे काम ठरलेले होते. सकाळी सहाला जीप धुवायची, तेल-पाणी बघायचे, टपावरचा कर्णा तपासायचा. सातला निघायचे. गावोगाव भरतीची तारीख पुकारायची. उसाच्या बैलगाड्यांनी रस्त्यांना गुडघाभर चाकोऱ्या पडल्या होत्या. चाके चाकोरीत गेली की मधला उंचवटा जीपच्या पोटाला घासायचा. एकदा इंजिनाची तेलाची टाकी फुटली आणि दौरा थांबला. म्हणून साहेबांच्या हुकमाने आम्ही जीप उंच केली. चाकांवरच्या चारही कमानपाट्यांत, म्हणजे स्प्रिंगांत, जादा पाटे घातले. जीप वीतभर वर आली.

पहिल्याच दिवशी एका गाडीवानाने हाक दिली, “ओ पलटणवाले! खालनं माजी म्हस जाईल की!”

उस्ताद म्हणाले, “तिला इचार, भरती व्हायचंय का.”

पोट घासायचे थांबले. पण जीप बिघडली. सरळ रस्त्यावरही ती भरकटायची, स्टिअरिंग सारखे सावरावे लागायचे. वळणावर ती एका अंगाला कलायची. सर्वात वाईट म्हणजे ब्रेक मारला की जोरात उजवीकडे ओढायची. कारण मला कळत होते. स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणारा दांडा आधी जवळजवळ आडवा होता. जीप उंच झाल्यावर तो तिरका झाला. ब्रेक मारला की जीपचे तोंड खाली दबायचे, दांडा चाकांना ढकलायचा आणि ती आपोआप वळायची.

उस्तादांनी तक्रार केली नाही. ब्रेकवर पाय जाताच त्यांचे हात स्टिअरिंगला डावीकडे हिसका देत. ओढ आणि हिसका यांची बरोबरी होऊन जीप सरळ थांबायची. महिनाभर ते असेच चालवत होते. मला मात्र शेजारी बसून चैन पडत नसे. रात्री झोपेतही माझे पाय ब्रेक शोधत.

गळीत जोरात आले. श्रीपूरच्या साखर कारखान्याच्या वाटेवर बैलगाड्यांची रांग तुटेना. ऊस तोडणारी माणसे बायकामुलांसह गाड्यांवर बसून जात. एका दुपारी आमची जीप एका बैलाच्या शिंगाला चाटून गेली. मी साहेबांना सांगितले, “साहेब, जादा पाटे काढू या.”

“दौरा संपेपर्यंत पाटे राहतील. ओढ काढता येईल?”

“येईल.”

“काढ.”

स्टिअरिंगच्या पेटीखाली दांडा ज्याला जोडलेला असतो तो आर्म मी जास्त लांब बनवून घेतला आणि बसवला. दांडा पुन्हा आडवा झाला. संध्याकाळी मोकळ्या मैदानात उस्तादांनी जीप पळवली आणि ब्रेक मारला. जीप डावीकडे गेली. पुन्हा मारला, पुन्हा डावीकडे. मी धावत गेलो. माझेच काही चुकले असे मला वाटले. मी खाली शिरून सगळे पाहिले. काहीच चुकले नव्हते.

उस्ताद हसत होते. “माढेकर, गाडीचं वढणं गेलं. माजं ऱ्हायलं. आता या हातास्नी कोण सांगायचं?”

त्यांनी अंधार पडेपर्यंत सराव केला. हळूहळू जीप सरळ थांबू लागली. तरी सकाळी निघताना त्यांनी डाव्या मनगटाला रुमालाची गाठ बांधली.

“हे काय, उस्ताद?”

“खूणगाठ. हाताला याद ऱ्हावी म्हणून.”

“आज हळू घ्या.”

“व्हय रं.”

साडेआठच्या सुमाराला आम्ही श्रीपूरच्या वाटेवर होतो. साहेब पुढे उस्तादांच्या शेजारी, मी मागे. बैलगाड्या असल्या की कर्णा बंद ठेवायचा हा उस्तादांचा नियम होता. कर्णा बंद होता. डाव्या हाताला उसाने भरलेली गाडी चालली होती. गाडीवान बैलांजवळून चालत होता. उसावर त्याची बायको बसली होती, मांडीवर मूल होते. रस्त्याच्या उजव्या कडेला खडीचा मोठा ढीग होता. उस्तादांनी जीप उजवीकडून पुढे काढायला घेतली.

तेवढ्यात गाडीचे चाक चाकोरीतून उसळले. बैल बुजले आणि गाडी रस्त्याच्या मधे आली.

उस्तादांनी ब्रेक मारला. हात डावीकडे गेले.

जीपचे तोंड सरळ गाडीच्या चाकावर वळले. त्या बाईने मुलाला पोटाशी ओढलेले मला दिसले. उस्ताद फक्त “न्हाय!” म्हणाले आणि सारे अंग टाकून त्यांनी स्टिअरिंग उजवीकडे फिरवले. जीप गाडीपासून सुटली. उजवे चाक खडीवर चढले आणि पलीकडच्या उतारावर घसरले. पूर्वीची बुटकी जीप कदाचित तशीच खाली उतरली असती. उंच केलेली जीप कलंडली ती उजवीकडे, उस्तादांच्या बाजूला.

साहेब खरचटण्यावर सुटले. माझा उजवा कोपर मोडला. उस्ताद खाली सापडले होते. गाडीवानाने बैल सोडले, मागून येणारी माणसे धावली आणि सगळ्यांनी मिळून जीप उचलली. कुणाच्या तरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गवत टाकून आम्ही दवाखान्याकडे निघालो.

वाटेत उस्तादांनी डोळे उघडले.

“गाडीवरची बाई?”

“बरी आहे, उस्ताद. मूलही बरं आहे.”

“बैल?”

“बैलही.”

ते मनगटाकडे बघत राहिले. गाठ तशीच होती. “गाठ हुती. तरी इसारला बघ.” थोड्या वेळाने म्हणाले, “दुसऱ्यांदा बराबर फिरला पर.”

दवाखाना यायच्या आधी ते गेले.

माझा कोपर पुरा सरळ झाला नाही. मेडिकल बोर्डाने मला घरी पाठवले आणि मी सोलापुरात कॉलेजात नाव घातले. वर्गात बसलो तरी मन एका जागी राहत नाही. खिडकीखाली एखाद्या गाडीने ब्रेक मारला की फळ्यावरचे काही दिसत नाही.

हवालदार मारुती वाघमोडे यांचे नाव कुठल्या शिळेवर नाही, कारण ते लढाईत पडले नाहीत. तो खडीचा ढीग पुढच्या उन्हाळ्यात रस्त्यावर पसरला, वरून रोलर फिरला. आता तिथे चाकोऱ्या नाहीत. त्या वाटेने जायला कुणाला गाडी उंच करावी लागत नाही. मी एसटीने तिथून जातो. पुढे उसाच्या गाड्या दिसल्या की ड्रायव्हर ब्रेक लावतो, एसटी सरळ थांबते आणि माझी डावी मूठ आपोआप आवळली जाते. उसावर बसलेल्या बायका खिडकीकडे बघतात. मुलांना घट्ट धरलेले असते. रांग पुढे सरकली की मी मूठ सोडतो.