जाड्या वैमानिकाचं लग्न

आमचा मामा थिएटरात ऑपरेटर होता. पडद्यावर त्यानं रोज तीन वेळा लोकांची लग्नं लावली, स्वतःचं घोडं मात्र अडलेलं. कारण एकच, देह. मशीनच्या खोलीत मामा शिरला की हवा बाहेर थांबायची.

मामाचा जीव जडला होता तिकीट खिडकीवरच्या बाईंवर. एकदाचं धाडस करून त्यानं विचारलं. बाईही काही कमी नव्हत्या. तेव्हा एक जुना, विनोदी सिनेमा लागला होता. हवाई दलातले दोन वैमानिक, एक सडपातळ, एक जाडा, आणि दोघंही एकाच नर्सच्या मागे. खिडकी सोडता येत नसल्यानं बाईंना शेवट कधी बघायलाच मिळाला नव्हता.

"ती जाड्याला हो म्हणाली, तर माझंही हो," बाई म्हणाल्या. "रविवारी सुट्टी घेऊन बघते."

मामाच्या पोटात गोळा आला. तिथे जागाही भरपूर होती. शेवटी नर्स सडपातळाच्या विमानात बसून भुर्र होते, हे त्याला तोंडपाठ होतं.

पण हाताशी कात्री आणि चिकटपट्टी असलेल्या माणसाला कोण अडवणार? सिनेमाच्या मध्यावर जाड्याला स्वप्न पडतं: नर्स त्याच्या गळ्यात पडते, बँड वाजतो, अख्खी तुकडी टोप्या उडवते. मामानं ते स्वप्न कापलं आणि खऱ्या शेवटाच्या जागी चिकटवलं. घाईघाईत तुकडा जरा लांब कापला गेला, एवढंच. मला मामाचा हा वेडेपणा फार आवडतो.

रविवारी बाई पहिल्या रांगेत. नर्स गळ्यात पडली, टोप्या उडाल्या, बाईंनी डोळे पुसले. तेवढ्यात पडद्यावर जाडा धाडकन पलंगावरून खाली पडला आणि उशीला मिठी मारून तसाच घोरत राहिला. सिनेमा संपला. सडपातळाचं काय झालं म्हणून लोक खुर्च्या आपटायला लागले.

मामा मशीनमागे लपला, म्हणजे तसा प्रयत्न केला. बाई जिना चढून वर आल्या.

"तुम्हीच कापलंत ना?"

"चुकलं माझं." मामा रडकुंडीला आला. "तो हरतो हो. प्रत्येक खेळाला हरतो. तुम्हाला कसं दाखवू?"

बाईंनी मशीनवरची कात्री उचलून बाजूला ठेवली.

"पडला, पण उशी सोडली नाही त्यानं," त्या म्हणाल्या. "माझं हो. आता आधी खाली जाऊन मार खाऊन या. मी चहा सांगते."