भांगातली रेल्वे

आक्का कुठलंही पोस्टर आधी बघायचीच नाही. वर्गाच्या दारात भिंतीकडे पाठ करून उभी राहायची, पदर कमरेला खोचायची आणि म्हणायची, "लाव रे." आम्ही कागद भिंतीला टाचला की गर्रकन वळून एक नजर टाकायची आणि लगेच पुन्हा पाठ फिरवायची. त्या एका नजरेत काय दिसलं, तेवढंच सांगायची. काही दिसलं नसेल तर तेही सांगायची. कुणी कुरकुर केली की विचारायची, "गाडीवरून जाणारा माणूस तुझ्या पोस्टरपुढं खुर्ची टाकून बसणार हाय का?"

नांदेडला एका व्यापारी संकुलाच्या दुसऱ्या मजल्यावर आमचा डिझाइनचा वर्ग भरायचा. आम्ही सगळे नुकतीच बारावी झालेले, आणि आक्का चाळिशीला टेकलेली. माहेर उदगीरचं, सासर नांदेडातल्या कापडाच्या दुकानाचं. कपाळाला विभूती, गळ्यात चांदीच्या डबीतलं इष्टलिंग आणि खांद्याला लॅपटॉपची बॅग. दुकानाच्या सेलचे बॅनर घरीच करता करता तिला गोडी लागली आणि नीट शिकायचं म्हणून ती आमच्यात येऊन बसली. आम्ही तिला पहिल्याच दिवशी आक्का म्हणालो. तिचं खरं नाव विचारायचं कुणाला सुचलंच नाही. तिच्या बोलण्यात मधेच माहेरचं कानडी यायचं. "नोड्री," म्हणजे 'बघा' म्हणून तिनं सुरुवात केली की समजायचं, आता कुणाचं तरी काम सोलून निघणार.

माझं पहिलं पोस्टर तिनं असंच सोललं. गाण्याच्या कार्यक्रमाचं होतं. त्यात मी गिटार घातली, ढोलकी घातली, दिव्यांचे झोत, नाचणारी माणसं, वर उडणारे पक्षी, सगळं घातलं होतं. आक्का वळली, बघितलं, पाठ फिरवली.

"बालाजी, दिसून राहिलंय सगळं. पण बघू काय?"

"आक्का, चार दिवस लागले गं मला."

"ते तुला लागले. बघणाऱ्याला एक क्षण हाय. काढ."

"काय काढू?"

"ज्याच्यावर तुझा लई जीव हाय ना, ते आधी काढून टाक."

मी चिडून पक्षी काढले, मग झोत काढले, मग माणसं. शेवटी काळ्या कागदावर नुसती ढोलकी उरली आणि तिच्यावर एक पांढरा हात. सर माझ्या टेबलापाशी थांबून बराच वेळ बघत राहिले. आक्का मात्र पुढच्या मुलाकडं गेली. सगळ्यांना असं बोलून झालं की ती डबा उघडायची. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दही. ज्याला सर्वांत जास्त बोलली असेल त्याच्या हातात पहिलं धपाटं. त्यामुळं तिच्यावर रुसून राहणं कुणालाच जमायचं नाही.

वर्षाच्या शेवटी सरांनी काम दिलं: येऊन गेलेला कुठलाही सिनेमा घ्या आणि त्याचं तुमच्या मनातलं, वेगळं पोस्टर करा. मग ते भिंतीला लावायचं आणि सगळ्या वर्गानं त्यावर बोलायचं. करणाऱ्यानं तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. आम्ही सगळ्यांनी गाजलेले सिनेमे घेतले. आक्कानं घेतला त्याचं नाव कुणी ऐकलंसुद्धा नव्हतं. आमच्याच भागातल्या, हिमायतनगरकडच्या एका तरुणानं काढलेला. किनवटच्या जंगलातल्या गावातली एक मुलगी आश्रमशाळेच्या वसतिगृहात टाकली जाते, आणि घरची वाट माहीत नसल्यानं रेल्वेच्या रुळांवरून चालत चालत आईकडं निघते, एवढीच त्याची गोष्ट. नांदेडच्या टॉकीजमधून तो आठवड्याच्या आतच उतरला होता.

"का उतरणार नाही?" आक्का म्हणायची. "पोस्टरवर सगळा तो मिशीवाला वॉर्डन, मागं जाळ, हातात काठी. ज्यांनी बघावा त्या बायका पोस्टर बघूनच पुढं गेल्या. मारामारीला आलेली पोरं मारामारी नाही म्हणून उठून गेली. मी आपली रडत बसले एकटी." त्या सिनेमाला न्याय मिळवून द्यायचा, असं तिनं मनावरच घेतलं होतं.

तिचं पोस्टर भिंतीला लागलं त्या दिवशी वर्ग गच्च होता. रेश्मा नावाची आमची एक मैत्रीण विष्णुपुरीहून यायची. बोलायला शांत, पण नजर तिखट. ती उठली आणि थेट आक्कासारखी दारात पाठ करून उभी राहिली. आम्ही हसलो. आक्काही हसली. रेश्मा गर्रकन वळली, बघितलं, आणि तिचा चेहरा पडला.

"आक्का, राग नको मानू," ती म्हणाली. "दिसून राहिलंय सगळं. पण बघू काय?"

आम्ही पुन्हा पोस्टरकडं बघितलं. खरंच, पोस्टरमध्ये सागाचं जंगल होतं, रेल्वे होती, वसतिगृह, पत्र्याची पेटी, आई, चंद्र, सगळं होतं. मुलगी कोपऱ्यात कुठंतरी हरवली होती. आक्काचे कान लाल झाले. तिनं काही बोलायला तोंड उघडलं, नियम आठवला आणि मिटून घेतलं. मग हातानंच खूण केली, अजून बोला. आम्ही बोललो. मी म्हणालो, मुलीपेक्षा पेटी मोठी झालीय. कुणी म्हणालं, रंग लग्नपत्रिकेचे वाटतात. आक्का प्रत्येकाकडे बघत ऐकत राहिली. त्या दिवशी डबा उघडला नाही.

त्यानंतर काही दिवस आक्का आलीच नाही. फोन उचलेना. रेश्मा तर रडकुंडीला आली. "मी कशाला बोलले रे," एवढंच म्हणत राहिली. सरही गंभीर झाले. घर, दुकान, एवढं वय; अशी माणसं एकदा सुटली की परत येत नाहीत, असं ते म्हणाले.

आणि एका सकाळी आक्का हजर. हातात कंगवा आणि लाल रिबिनी.

"रेश्मा, बस इथं. पाठ कर माझ्याकडं."

रेश्मा घाबरतच स्टुलावर बसली. आक्कानं तिचे केस सोडले, तेल लावलं आणि विंचरायला घेतले.

"घरी जाऊन लई रडले," विंचरता विंचरता ती सांगू लागली. "मामंजी म्हणाले, कशाला जीवाला त्रास करून घेते, सोडून दे, दुकान हाय की आपलं. तेव्हा कळलं मला. हे काय आता मला सुटायचं नाही. मग म्हटलं, पोरगी बरोबर बोलली. सगळं काढायचं. आणि काढता काढता ध्यानात आलं, त्या सिनेमात आई शेवटी काय करते? पोरगी घरी पोचते अन् आई तिला काहीच विचारत नाही. नुसती वेणी घालते."

तिनं मधोमध सरळ भांग पाडला, दोन वेण्या घातल्या, रिबिनी बांधल्या. मग मागं सरकून मोबाइलवर फोटो काढला आणि टेबलाशी जाऊन बसली. पुढचे काही दिवस तिनं कामातून मान वर केली नाही.

नवं पोस्टर लागलं तेव्हा आम्ही सगळेच दारात पाठ करून उभे राहिलो आणि एकदम वळलो. एका मुलीचं पाठमोरं डोकं. काळेभोर केस, पण नीट बघितलं की ते केस म्हणजे दाट जंगल. आणि मधोमध जाणारा भांग म्हणजे रेल्वेचा रूळ, वरती पार दिसेनासा होईपर्यंत गेलेला. खाली दोन लाल रिबिनी. बाकी काही नाही. कुणी काही बोलायच्या आत रेश्मानं आक्काला मिठी मारली.

सरांनी ते पोस्टर मोबाइलवरून सगळीकडे टाकलं. दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकाचा फोन आला. आक्कानं स्पीकर चालू केला.

"ताई, तुम्ही सिनेमा बघितला कुठं? नांदेडला तर तीनच माणसं होती थेटरात."

"त्यातली एक मी," आक्का म्हणाली.

"मग आता बाकीच्यांनाही दाखवू या," तो म्हणाला.

त्यानं टॉकीजवाल्याच्या हातापाया पडून रविवार सकाळचा एक खेळ मागून घेतला. आक्काचं पोस्टर बसस्टँडवर, महाविद्यालयांत, मुलींच्या वसतिगृहांत लागलं. रविवारी आम्ही पोचलो तर रस्त्यापर्यंत रांग, आणि रांगेत निम्म्याहून जास्त बाया, पोरींचा हात धरून आलेल्या. खेळ भरला, दुसरा लावावा लागला, तोही भरला. मग लातूरहून बोलावणं आलं. तिथं तर बाजूच्या मंगल कार्यालयातून खुर्च्या आणल्या. मध्यंतरात पोरी पोस्टरपुढं पाठमोऱ्या उभ्या राहून फोटो काढून घेऊ लागल्या. आक्काचे सासरे धोतर सावरत पोस्टरशेजारी उभे होते. "हात लावू नका, रंग जाईल," असं प्रत्येकाला सांगत होते, आणि कुणी विचारो न विचारो, "आमच्या सूनबाईनं काढलंय," हेही.

लातूरसाठी मोठं पोस्टर छापताना दिग्दर्शकानं विचारलं होतं, खाली नाव काय टाकू? सौभाग्यवती लावू का? दुकानाचं नाव लिहू का? आक्का म्हणाली, "गिरिजा. एवढंच." लातूरला गेलो तेव्हा आम्हाला तिचं नाव कळलं, तेही टॉकीजच्या दारावर, हातभर उंच अक्षरांत. आम्ही टाळ्या वाजवल्या. तिनं चष्मा पुसला आणि खेळ सुरू होतोय म्हणून आम्हाला आत ढकललं.

वर्ग संपला, आम्ही पांगलो. मी लातूरला एका जाहिरातीच्या स्टुडिओत लागलो. आक्का आता उदगीरला असते. दुकानाच्या नव्या शाखेवर माडी आहे, तिथं तिनं स्वतःचं काम थाटलंय. त्या दिग्दर्शकाचा पुढचा सिनेमा तयार होतोय, आणि या वेळी त्यानं चित्रीकरण सुरू व्हायच्या आधीच तिला बोलावलं.

गेल्या महिन्यात तिनं मला त्या नव्या पोस्टरचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, 'बोल.' मी बराच वेळ बघत बसलो. सुंदर होतं. पण खालचा लाल पट्टा जड वाटत होता. नजर वरच्या चेहऱ्यापर्यंत जायच्या आधी तिथंच अडकत होती. लिहू का नको, असं करत शेवटी लिहून टाकलं. संध्याकाळी दुरुस्त केलेलं पोस्टर आलं, पट्टा नसलेलं, आणि मागोमाग तिच्या आवाजातला निरोप. "बरोबर हाय तुझं."

इतक्या वर्षांत आक्काच्या तोंडून हे मी स्वतःबद्दल पहिल्यांदाच ऐकत होतो. स्टुडिओतली सगळी माणसं काम थांबवून माझ्याकडे बघत होती, कारण मी तो निरोप पुन्हा लावला होता, मोठ्या आवाजात.