वत्सलाकाकूंचे मासे आणि चिंचेने घासलेले घंगाळ

मंडळी, चहा निवण्याआधीच कबूल करून टाकतो. ज्या अपराधाने आजही माझी मान खाली जाते, तो मी अत्यंत काळजीपूर्वक केला. निष्काळजीपणाने केला असता, तर इतका सलला नसता!

आमचे आदिलाबाद तेव्हा आंध्र प्रदेशात होते आणि मी तेथे शाळेत संस्कृत शिकवीत असे. शेजारच्या वत्सलाकाकू भाचीच्या लग्नाला बेला गावी निघाल्या. त्यांचा मुलगा नोकरीसाठी हैदराबादेस जाताना दोन सोनेरी मासे आईच्या सोबतीला ठेवून गेला होता. माशांची काचपेटी आमच्या ओसरीवर ठेवीत काकू म्हणाल्या, "सर, तुमच्या भरोशावर सोडून राह्यले. हे दोनच जीव हायेत माह्या घरात."

बोअरच्या जड पाण्याने काचेवर क्षारांचे पांढरे पुट चढले होते. मासे धुक्यात हरवल्यासारखे दिसत. काकू परततील तेव्हा काच लखलखीत असावी, असा मोह मला झाला.

"संडासातलं तेजाब टाका थोडं," पत्नी म्हणाली. "चटकन निघते."

"तेजाब? सजीवांच्या घरात?" मी व्याख्यानच दिले! आणि काय ती माझी दक्षता! पेटी पूर्ण रिकामी केली. लिंबाचा रस पाण्यात मिसळून फडक्याने पुटावर लावला, मुरू दिला, हलक्या हाताने घासले. आंबटपणाचा लवलेश उरू नये म्हणून पेटी पाच वेळा धुतली.

आणि मासे? त्यांचीही व्यवस्था यथोचित होती. पाहुण्यांना प्लास्टिकची बादली कशी द्यावी? पत्नीने सणासाठी नुकतेच चिंचेने घासलेले तांब्याचे घंगाळ पाण्याने भरून मी त्यांना त्यात सोडले होते. काय शोभा!

दुपारनंतर दोघेही पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडमीट करू लागले.

"अवो, हे काऊन असं करून राह्यले?" पत्नीने विचारले.

"प्रसन्न आहेत. नवे घर मानवले."

तिने घंगाळाकडे पाहिले आणि कपाळावर हात मारला. "याला कल्हई नाही! अन् चिंचबी नीट धुवायची राह्यली होती! बिनकल्हईच्या तांब्यात आपण ताक ठेवत नाही, तुमी जीव ठेवले?"

आम्ही धावपळ करून त्यांना बादलीत हलविले. एक तरला. दुसऱ्याला मी जास्वंदीखाली पुरले.

काकू आल्या. "अगंबाई! सर, काच हाय का नाही, तेच समजून नाही राह्यलं!" मग त्या पेटीभोवती फिरल्या. एकदा. पुन्हा एकदा.

"दुसरा कुठं हाय?"

मी सारे सांगितले. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. हळूच म्हणाल्या, "पांढरं होतं तेच बरं होतं, सर."

खरेच होते. जुन्या पुटाआड तो कोठेतरी दडला आहे, असे क्षणभर तरी त्यांना मानता आले असते. तेवढीही सोय मी पाच वेळा धुऊन टाकली होती.