त्याच्याच गोळ्या

आमच्या दवाखान्यात एक लोखंडी कपाट होतं आणि त्याला दोन कुलपं होती. एकाची चावी माझ्या गळ्यातल्या दोऱ्यात, दुसऱ्याची फार्मासिस्टच्या खिशात. एकट्याला ते उघडता येऊ नये, हीच त्यातली मेख. आत मॉर्फिनच्या गोळ्या असायच्या. नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, इथे सोनंनाणं दडवून ठेवलंय.

अहेरीच्या पुढे, जंगलात शिरल्यावर लागणाऱ्या आठवडी बाजाराच्या एका गावात हा दवाखाना आहे. कॅन्सरच्या शेवटच्या दुखण्यावर ही गोळी देता येते, पण कोणीही उठून देऊ शकत नाही. दवाखान्याला मान्यता लागते, डॉक्टरचं वेगळं प्रशिक्षण लागतं, आणि आलेल्या-दिलेल्या प्रत्येक गोळीचा मेळ लागावा लागतो. रिकाम्या स्ट्रिपा परत घेऊन मगच नव्या द्यायच्या. रोगी गेला की उरलेल्या गोळ्या घरच्यांनी आणून द्यायच्या, असा आमचा शिरस्ता होता. मला हे नियम जाचक वाटले नाहीत, आजही वाटत नाहीत. या औषधाच्या नादी लागून वाया गेलेली माणसं मी नागपुरात पाहिली आहेत. माझं डोकं फिरतं ते नियमांच्या नावाने घाबरून हात वर करणाऱ्यांवर. माझे बाबा गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यात होते. कॅन्सर त्यांच्या हाडांत उतरला तेव्हा चंद्रपूरपर्यंत हिंडूनही एका डॉक्टरने ही गोळी लिहून दिली नाही. "कोण झंझट मागे लावून घेईल," असं एकाने तोंडावर सांगितलं. बाबा उशीचं टोक दातात धरून ओरडायचे. म्हणून मी हे प्रशिक्षण घेतलं आणि मान्यतेसाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले.

त्या वर्षी आमच्याकडे या गोळ्यांवर दोनच रोगी होते. एक, गावातल्याच शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. त्यांचा आजार मणक्यात गेला होता. दुसरा, नाल्यापलीकडच्या एका गोंड पाड्यावरचा म्हातारा. सुपारी-तंबाखूचा खर्रा खाऊन खाऊन त्याचा जबडा आतून सडला होता. पहिल्यांदा आणला तेव्हा तो गाल तळहाताने दाबून नुसता हिंदकळत होता. बोलता येत नव्हतं, निजता येत नव्हतं. गोळ्या सुरू झाल्यावर पुढच्या बाजाराला त्याची बायको सांगत आली की म्हातारा रात्रभर झोपला आणि सकाळी उठून त्याने कोंबड्यांना शिव्या दिल्या. मला इतका आनंद झाला की मी तिला चहा पाजला.

पहिल्याच दिवशी मी तिला दम भरला होता. तिथल्या घरांत औषध एकाचं नसतं. एकाला आणलेली गोळी शेजारचाही अर्धी मागून नेतो, आणि ते वाईट मनाने नसतं. म्हणून मी मुद्दाम कडक आवाज काढला.

"आजी, ह्या गोळ्या त्याच्याच. दुसऱ्या कोनीच हात नाई लावाचा. घरात कोनाचं काई दुखो, तुमचंही दुखो, तरी नाई. समजलं?"

"त्याच्याच," ती म्हणाली.

दर बाजाराला ती यायची. पदराची गाठ सोडून रिकाम्या स्ट्रिपा टेबलावर ठेवायची. तिचा हिशोब कधी चुकला नाही. पदर कायम गालावरून ओढलेला. चहात बिस्किट बुडवून, त्याचा पार लगदा करून, एका बाजूने गिळायची. दात गेले असतील, असं मला वाटलं. एकदा मी म्हणाले, "आता तुम्ही तरी खर्रा सोडा." त्यावर ती नुसती हसली, तेही तोंड मिटून.

मग एका बाजाराला ती आली नाही. दुसऱ्याही बाजाराला आली नाही. त्याच सुमारास जिल्ह्यावरून निरोप आला की तपासणीचे साहेब येणार आहेत. आमच्या फार्मासिस्टच्या तोंडचं पाणी पळालं. माणूस वाईट नव्हता. आधीच्या ठिकाणी असाच मेळ लागला नाही म्हणून त्याच्या वरच्या माणसाला घरी बसवलेलं त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

"मॅडम, म्हाताऱ्याच्या गोळ्या येत नाईत तवरिक मी चावी लावत नाई," तो म्हणाला.

"आणि शिक्षिका बाईंच्या?"

"त्याईच्याही नाई. कपाटच नाई उघडत."

मी त्याच्यावर ओरडले. तो खाली मान घालून ऐकत राहिला, पण खिशातला हात त्याने बाहेर काढला नाही. माझ्या एका चावीने काय होणार होतं? संध्याकाळी शिक्षिका बाईंचा फोन आला. आवाज शांत होता, वर्गात हजेरी घ्यावी तसा. "उद्यापुरत्या आहेत," त्या म्हणाल्या. "परवाचं काय ते तुम्ही सांगा, म्हणजे मी मनाची तयारी करते."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी गाडी घेऊन पाड्यावर गेले. आभाळ भरून आलं होतं पण पाऊस पडत नव्हता, पानही हलत नव्हतं. नाल्यात पाणी कमी होतं, तरी ड्रायव्हर म्हणाला, "लवकर परतू." पाड्यावर कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. म्हाताऱ्याच्या घरापुढचं अंगण नव्याने सारवलेलं होतं, आणि ओसरीत ज्या बाजेवर तो पडलेला असायचा ती बाज नव्हती. मी काय ते समजले.

म्हातारी आतून आली. म्हातारा झोपेतच गेला, असं तिने सांगितलं. दुखलं नाही, हेही सांगितलं, आणि माझे दोन्ही हात धरले. मला रडू आलं. त्या रडण्यातच मी विचारलं, "आजी, उरलेल्या गोळ्या कुठी आहेत?"

"त्याच्यापाशी," ती म्हणाली.

मला कळलं नाही. तेव्हा दारात बसलेल्या गायत्याने, म्हणजे तिथले देवाधर्माचे विधी करणाऱ्या वडीलधाऱ्याने, पाड्याबाहेरच्या मोहाच्या झाडाकडे हात केला. तिथे ताजी माती दिसत होती. त्यांच्यात माणसाला पुरतात आणि जे एकट्या त्याचंच होतं ते त्याच्याजवळ ठेवतात. म्हाताऱ्याची कुऱ्हाड ठेवली होती, तंबाखूची डबी ठेवली होती, आणि उशाशी गोळ्या. घरातली भांडी ठेवली नव्हती, कारण ती सगळ्यांची. गोळ्या मात्र त्याच्याच. मीच तसं बजावलं होतं, आणि त्या घराने माझा शब्द माझ्यापेक्षाही कसोशीने पाळला होता.

मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. या गोळ्यांचा सरकारला हिशोब द्यावा लागतो. तो लागला नाही तर कपाट बंद राहतं. दवाखान्याच्या गावात एक बाई आहे, तिच्या पाठीत असं दुखतं, जसं म्हाताऱ्याच्या गालात दुखायचं. तिच्या गोळ्या आज संपतात. म्हातारी माझ्या तोंडाकडे बघत होती. पदर गालावर घट्ट धरलेला होता.

गायता म्हणाला, "बाई, तुही अडचन समजते. पन त्या मातीले हात लावू नये. मोकळी केली का ते भुकेजते. मंग त्याच घरातलं आनखी एक मागते."

त्याने ते धमकावून सांगितलं नाही. नाल्याला पाणी येणार आहे हे सांगावं, इतक्या सहज सांगितलं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. आमच्या घरात आजोबांच्या काळापासून बुद्धाची तसबीर आहे, भुताखेतांना तिथे थारा नाही. तरीही मी म्हणाले, "नका काढू. मी साहेबांना जे झालं ते सांगते." परत येताना नाल्याचं पाणी चाकांना लागलं.

साहेब आले तेव्हा शिक्षिका बाईंच्या गोळ्या आदल्या दिवशीच संपलेल्या होत्या. त्यांची सून सकाळपासून व्हरांड्यात उभी होती. ती काही मागत नव्हती, नुसती उभी होती. सासूबाई ओरडत नाहीत, एवढंच तिने सांगितलं. तोंडात टॉवेल धरलाय. ते ऐकून मला बाबांची उशी आठवली.

साहेब सभ्य होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मधेच चष्मा काढून डोळे चोळले. "मॅडम, मी समजू शकतो," ते म्हणाले. "पण मयताजवळ पुरल्या, असं लिहून कसं चालेल? उद्या कोणीही असं लिहील. चौकशी होईपर्यंत वाटप थांबवावं लागेल."

"किती दिवस?"

"ते माझ्या हातात नाही."

मी त्यांना व्हरांड्यातल्या सुनेकडे बोट करून दाखवलं. त्यांनी तिकडे पाहिलं आणि मग कागदांत पाहिलं. मला त्या क्षणी त्यांचा कागद फाडून टाकावासा वाटला. पण ते म्हणत होते त्यात खोटं काय होतं? कोणीही तसं लिहिलं असतं.

चहा आला तेव्हा दारात म्हातारी दिसली. नाल्याला पाणी असताना ती कुठून, कशी आली, मला आजही माहीत नाही. लुगडं कमरेपर्यंत ओलं होतं. नखांत माती होती. तिने टेबलाजवळ येऊन पदराची गाठ सोडली. आत आधीच्या रिकाम्या स्ट्रिपा होत्या आणि एक भरलेली; तिच्यावर लाल माती होती, आणि तिच्यातली एकही गोळी फोडलेली नव्हती.

"कोनी काढली, आजी?"

"मीनंच. गायत्याले नाई सांगतलं."

फार्मासिस्टने दोनदा मोजलं. मेळ लागला. साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला आणि म्हणाले, परत आलेला माल आहे, कोणाला देता येणार नाही, आत्ताच साक्षीदारांपुढे नष्ट करून टाका. तसा नियमच आहे आणि तो बरोबरच आहे. फार्मासिस्टने गोळ्या खलात कुटल्या, ती पूड फिनेलच्या पाण्यात कालवली आणि खड्ड्यात ओतली. म्हातारी जवळ उभी राहून बघत होती.

"फेकाले काढाले लावल्या?" तिने विचारलं.

मी तिला समजावू लागले. सांगताना माझंच मला हसू आलं असतं, इतकं ते पोकळ वाटत होतं. तेवढ्यात मागे कपाटाची दोन्ही कुलपं एकामागून एक उघडल्याचा आवाज आला. मी गळ्यातला दोरा फार्मासिस्टकडे दिलेला होता. सून गोळ्या घेऊन पळतच निघाली. म्हातारी तिच्या पाठीकडे बघत राहिली आणि बघता बघता तिने गाल तळहाताने दाबला. म्हातारा दाबायचा तसाच, तोच हात, तीच जागा.

मी तिला आत नेलं, पदर बाजूला केला आणि तोंड उघडायला सांगितलं. ते पुरतं उघडत नव्हतं. जेवढं उघडलं तेवढ्यात दिसायचं ते दिसलं.

"कवापासून दुखते?"

"त्याचं दुखत होतं तवापासून. त्याच्या मांगंच."

"घरात गोळ्या होत्या, आजी. मले सांगतलं काऊन नाई?"

"सांगून का करू? तू म्हनली होती ना, त्याच्याच आहेत."

मी भिंतीकडे तोंड केलं आणि डोळे पुसले. मग तिला सांगितलं की नागपूरला जाऊन तपासून घ्यावं लागेल, पण दुखण्यावर गोळी मी आजपासूनच देते. तिच्या नावाची, तिची स्वतःची. भीती तिच्या तोंडावर दिसत नव्हती. गायता म्हणाला होता ते घरातलं आणखी एक माणूस कोण, हे तिने माती उकरायच्या आधीच ठरवून टाकलं असावं.

"देजो," ती म्हणाली. "पन माह्या लेकाले आताच बोलावून सांगून ठेव, बाई. मी गेली का गोळ्या माह्यापाशी नोका ठेवू म्हनाव. माही माती कोनाले उकराले लावू नोको."