रिक्षातून आलेला देव आणि आमचे मामंजी

नवऱ्याचा तो पिक्चर इतका भिकार होता, की बायको असून सांगते, फुकटात दाखवला तरी बघू नये. खंडोबा पृथ्वीवर येतो आणि गुलमंडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकतो, ही गोष्ट. भाड्याचा घोडा अर्ध्या शूटिंगमध्ये पळून गेला, म्हणून पुढं देव रिक्षातून हिंडतो. मिशी एका सीनला उजवीकडं कलंडलेली, पुढच्याला डावीकडं. आणि तो खंडोबा म्हणजे आमचे हे!

यांचं घर देवगाव रंगारीकडचं, मेंढपाळाचं. हे मेंढरं सोडून नाटक-सिनेमाच्या नादी लागले, तेवढं मामंजींनी सोसलं. पण लेक देवाचं काम करतोय, तेही विनोदी, हे कळल्यावर त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं, "देवाचं हसं केलंस तर माझा उंबरा चढू नको." तेव्हापासून बोलणं बंद. हे वरवर हसायचे, पण जेवताना घास फिरायचा तोंडात.

पहिल्याच दुपारच्या खेळाला सासूबाई मामंजींना घेऊन आल्या. कसं आणलं, त्यांनाच ठाऊक. ते दोघं पुढच्या रांगेत, आम्ही मागं. हे माझ्याकडं झुकले. "बाबा मधनंच उठून गेले, तर संपलं गं सगळं," म्हणाले.

आणि अहो, उठलेच की! पडद्यावर देव रिक्षातून उतरला, पब्लिक खिदळलं, शिट्ट्या पडल्या, आणि मामंजी उभे. त्यांनी वहाणा काढल्या. कमरेची पिशवी सोडली आणि मूठभर भंडारा पडद्याकडं उधळला. "येळकोट येळकोट!"

हसणं थांबलं. मागनं कुणीतरी "जय मल्हार" म्हणालं, मग सगळं थिएटरच. पडद्याच्या उजेडात हळद तरंगत होती आणि त्या वाकड्या मिशीपुढं माणसं हात जोडून उभी होती. देवळात कधी आला नाही असा काटा आला माझ्या अंगावर. कधी हात जोडले, मलाच कळलं नाही.

खुर्च्या पिवळ्या केल्या म्हणून मॅनेजर ओरडत आला. सासूबाईंनी त्याच्याच कपाळाला भंडारा लावला. तसाच पिवळ्या कपाळानं मागं फिरला बिचारा.

इंटरव्हलला बाहेर हे वडिलांच्या पायाशी वाकले. मामंजी झटकन मागं सरले.

"थांब. आत्ता नाय."

आणि स्वतःच खाली वाकून त्यांनी लेकाच्या पायावर डोकं टेकलं. सासूबाई माझ्या कानात म्हणाल्या, आपल्याकडं जत्रेत जो देवाचं सोंग घेतो, तो सोंग उतरेस्तोवर देवच. बापानं बी त्याच्या पाया पडायचं.

हे लहान पोरागत रडायला लागले. "बाबा, लोक हसले हो."

"हसू दे की. देवाला बी हसू येतंच." मामंजींनी डोळे पुसले. "खेळ संपू दे. मंग घरला चल, अन् पड माझ्या पाया."

आत घंटा झाली. त्या भिकार पिक्चरचा उरलेला भाग मी हात जोडूनच बघितला. देवा, संपव रे एकदाचा!