ब्रेकवरचा पाय

गॅरेजमागच्या घरात राहिलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. नखातल्या ग्रीससारखे ते आपोआप साठतात, आणि कितीही धुतलं तरी जात नाहीत. आमचं गॅरेज गेवराईत, हायवेला लागून. मालक, मेकॅनिक सगळं एकच माणूस: मामा, म्हणजे माझे सासरे. आणि मी? सांगते.

गाडीचं पुढचं एक्सल, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, बदलायचं तर आधी चाकाच्या मधला मोठा नट सोडवावा लागतो. तो इतका घट्ट असतो की पान्याला लांब पाइप लावून जोर दिला तर नटाऐवजी चाकच फिरतं. म्हणून कुणीतरी गाडीत बसून ब्रेक दाबून धरायचा. ते ‘कुणीतरी’ म्हणजे मी. बी.एस्सी., फिजिक्स!

*

आधी हे काम आत्यांचं, माझ्या सासूबाईंचं. त्या गेल्या आणि सुतक फिटल्यावर पहिलीच गाडी आली ती एक्सलची. मामा चाकापाशी बसले, पाइप लावला आणि सवयीनं ओरडले, “शांते, ब्रेक!”

गिऱ्हाईक मोबाइलमध्ये बघायला लागलं. मामा तसेच, पाइप धरून. मी दारात, कडेवर ईशू. काय करावं कळेना, म्हणून जाऊन सीटवर बसले, लेकराला मांडीत घेतलं आणि ब्रेक दाबला. नट सुटला. मामांनी उघड्या दारातून माझी चप्पल बघितली.

“तू व्हय,” म्हणाले. आणि पाइप काढत, “टाच टेकवू नको. पाय घसरतो.”

*

सचिन, माझा नवरा. त्याचा मित्र एकदा म्हणाला, “वहिनी, एवढं शिकून ब्रेक दाबता?” मला उत्तर सुचलं, पण नेहमीसारखं दोन दिवसांनी. मामांनी जागेवर दिलं: “पगार न्हाई, पर नोकरी पर्मनंट हाय!”

सगळे हसले, मीही. त्यानंतर थोड्याच दिवसांत सचिनला पुण्याला नोकरी लागली. गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी आम्ही दार लावून, हळू आवाजात ठरवलं: जूनमध्ये जायचं, ईशूची शाळा तिथंच. मामा गेवराई सोडणार नाहीत हे दोघांनाही माहीत. त्यांना सांगायचं कुणी, एवढंच ठरलं नाही. काळजी मी करायची, हे न ठरवताच ठरलं. ते काम मला चांगलं जमतं.

*

आमच्या भागातले एक पुढारी पांढरी गाडी घेऊन आले. “मामा, सरळ गेली की काही न्हाई. वळली की कटकट करती!”

मामांनी स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून गाडी मोकळ्या जागेत गोल फिरवली आणि उतरले. “एक्सलचा जॉइंट गेलाय. जाणारच की! औंदा किती खेपा वळलात तुमी?”

सगळ्यात जोरात पुढारीच हसले. नट सोडवेपर्यंत उभे राहिले आणि सहज म्हणाले, “मामा, तुमच्या हाताखाली माणूस न्हाई का एक बी?”

“कावून न्हाई? ही काय बसली की,” मामा म्हणाले. मी ब्रेक आणखी जोरात दाबला.

*

लग्नसराईत एका नवरदेवाच्या गाडीचं एक्सल बायपासवर तुटलं. दुसऱ्या गाडीला दोर बांधून ओढत आणली, फुलांच्या माळांसकट. मी नेमकी तापलेल्या ईशूला घेऊन दवाखान्यात. मामांनी खुद्द नवरदेवालाच ब्रेकवर बसवलं! फेटा छताला लागतोय, करवली रडतेय, नट सुटेना. शेवटी नवरदेवाच्या आईनं त्याला उठवलं, शालू खोचला आणि स्वतः बसली. सुटला!

संध्याकाळी हा किस्सा सांगून मामा म्हणाले, “तू नसलीस की लई हाल हायत पोरी.”

मी ईशूच्या कपाळावर हात ठेवून ताप बघत राहिले. ताप केव्हाच उतरला होता.

*

काम झालं की मी दर वेळी विचारते, “मामा, नट आवळला ना?” रस्त्यात चाक निघालं तर, हा माझा कायमचा घोर. मामा दर वेळी सांगतात, “आवळला, माय.”

मे महिन्यात एका दुपारी मनाचा हिय्या करून गेले. आज सांगायचंच. मामा बाकड्यावर चहा पीत होते. मी समोर उभी राहिले, पदराशी चाळा केला आणि म्हणाले, “मामा, नट आवळला ना?”

मामांनी इकडंतिकडं बघितलं. गॅरेजात एकही गाडी नव्हती!

*

मग आमचीच गाडी वळताना कटकट करायला लागली. सचिननं ती मामांपुढं लावली, पण कुठं जायचंय ते त्यानंही सांगितलं नाही.

“ब्रेक,” मामांनी हाक मारली. मी ईशूला घेऊन गेले, तर सीटवर जागा नाही. सीट आणि ब्रेकच्या मधे एक लाकडी फळी घट्ट बसवलेली. पेडलकडच्या टोकाला खाच, आणि सीट फाटू नये म्हणून दुसऱ्या टोकाला ईशूचं जुनं झबलं गुंडाळलेलं.

“हे कधी केलंत?”

“पाडव्याला. लावली आजच.”

म्हणजे आम्ही दार लावून ठरवलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी. सचिन गाडीच्या पलीकडं खाली मान घालून उभा.

मामांनी फळी ओढून काढली. “माप बघत हुतो. बसती बरुबर. दुसऱ्यांच्या गाड्यांला चालंल. ही ईशूची गाडी हाय. तू बस.”

मी बसले. टाच टेकवली नाही. जुनं एक्सल निघालं, नवं बसलं, मामांनी पाइपवर सगळं अंग टाकून नट आवळला. मी पाय ब्रेकवरून उचलला नाही. मामांनी पाना खाली ठेवला, परत उचलला, आणखी एकदा जोर दिला. मग उघड्या दारातून माझ्याकडं बघून म्हणाले,

“आवळला ना गं?”