हिरव्या तारेचं चित्र

कूलर चावतो, असं आमच्या नागपूरकडे अगदी सहज म्हणतात. कुत्रा चावतो, विंचू चावतो, तसा कूलरही चावतो, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. कूलरपुढे लाकडी फळी टाकायची, शेजारी रबरी चपलांचा जोड ठेवायचा, पाणी भरताना तो पायांत सरकवायचा. कोणी अनवाणी हात लावला आणि झटका बसला, तर बोलणी खातो तो हात लावणारा. ही रीत कोणी काढली ठाऊक नाही. भेटला असता तर मी त्याला त्याच चपलेने मारलं असतं.

कोराडीचं वीजकेंद्र उभं राहत होतं त्या वर्षांत मी नागपुरात वायरिंगच्या एका कंत्राटदाराकडे ट्रेसर होते. ट्रेसर म्हणजे साहेबांनी पेन्सिलीने काढलेलं चित्र पारदर्शक कागदावर काळ्या शाईने गिरवणारी बाई. ट्रेसरने समोर आहे तेच उतरवायचं, पदरचं एक टिंबही घालायचं नाही, असं हेड ड्राफ्ट्समननी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. साहेबांची चूक साहेब निस्तरतील. माझा हात चांगला होता, अक्षर छापल्यासारखं होतं, आणि त्याचा मला ताठाही होता.

संध्याकाळी मी घरी वरकड काम घेत असे. इतवारीतला एक दुकानदार कूलरचं सामान विकायचा. पत्र्याची पेटी गावातल्या लोहाराकडून करून घ्या, पंखा, पंप, वायर आणि पिन आम्ही व्ही.पी.ने घरपोच पाठवू, पैसे पोस्टमनकडे द्या, असा त्याचा धंदा होता. त्याच्या सूचीपत्रात तारा कशा जोडायच्या याचं चित्र हवं होतं. ते माझ्याकडे आलं.

कच्चं चित्र पाहताच मी थबकले. पिनेला पाय दोनच होते आणि तारा तीन. हिरवी तार कूलरच्या पत्र्याला जोडलेली असते. पत्र्यात करंट आलाच, तर त्याने माणसातून न जाता जमिनीत जावं, एवढ्यासाठी ती असते. इथे तिचं दुसरं टोक काळ्या, म्हणजे करंट परत नेणाऱ्या, तारेला बांधून दोन्ही पिनेच्या एकाच पायात घातली होती. पण दोन पायांच्या पिनेला उलटंसुलटं नसतं. ती एका बाजूने खोचली तर कूलर गार वारा देतो. उलटी खोचली तरी तसाच गार वारा देतो, फक्त सगळ्या पत्र्यात करंट खेळत असतो.

मी दुकानात जाऊन विचारलं. तो हसला.

"बाई, गावात अर्थिंग कोणाकडं राहते? हिरवी तार मोकळी सोडली त लोक चिठ्ठी पाठवते, का एक तार उरली म्हणून. जोडून टाकली का झंझट खतम. तुमचं काम गिरवायचं आहे न? मग गिरवा."

आणि मी गिरवलं. हे लिहिताना आजही कानशिलं तापतात. वायरिंगवाल्याकडे नोकरी करणारी, सगळं कळणारी मी, खाली मान घालून ती गाठ काळ्या शाईने काढून दिली. चित्र सुबक झालं. दुकानदारही तसंच म्हणाला.

पुढच्या उन्हाळ्यात मी सावनेरला मोठ्या बहिणीकडे गेले. भाऊजींची कपाशीची शेती, हात जरा सैल होता, म्हणून घरात नवा कूलर आला होता. उन्हातून आल्याबरोबर मी त्याच्याकडे वळले, तर बहिणीने दंड धरून मला मागे ओढलं.

"आधी चप्पल घाल वं. चावते तो."

"रोज चावते?"

"रोज नाही. कधी चावते, कधी नाही. त्याचा मूड राहते."

झाडताना पिन काढायची आणि मग हाताला येईल तशी खोचायची, हाच तो मूड. बहिणीचा उजवा तळवा पाहिला, तर अंगठ्याखाली काळसर चट्टा. चार दिवसांपूर्वी बादली घेऊन ती ओल्या फरशीवर उभी होती आणि हात पत्र्याला चिकटून राहिला होता. पाय घसरून मागे पडली, म्हणून सुटली.

"चप्पल नोहती घातली इनं," भाऊजी म्हणाले. "दहादा सांगतलं, आयकतच नाही. अन् जोडणी म्या स्वतः केली, चित्र पाहून पाहून. एक तार इकडची तिकडे नाही."

त्यांनी फडताळातून सूचीपत्र काढून माझ्यापुढे धरलं. माझंच अक्षर होतं. ती गाठही माझीच.

मी पिन उपटली, कात्री मागितली आणि हिरवी तार काळीपासून तोडली. मग भाऊजींना जमिनीत सळई ठोकायला लावून ती तार तिला जोडली. चित्र मी काढलंय हे मात्र त्या घरात माझ्या तोंडून निघालं नाही. इतकी मी शूर.

नागपूरला परतले ती तडक इतवारीत. सगळी सूचीपत्रं परत मागवा, म्हटलं.

"काहून? एक तक्रार आली नाही," दुकानदार म्हणाला.

"लोक चपला घालून राहिले, म्हणून नाही आली. माझी बहीण मरता मरता वाचली."

"वाचली न? मग झालं. अन् चित्र त तुम्हीच काढलं, बाई."

खरं बोलला, म्हणून तर अंगाची लाही लाही झाली. चोर तो चोर, वर शिरजोर. पण या चोराला हातभार लावणारी मीच होते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्याच्याकडे पार्सलांवर पत्ते लिहिणारा एक म्हातारा कारकून होता. तो मागोमाग बाहेर आला आणि त्याने पत्त्यांची वही माझ्या पिशवीत घातली. मी दोन आठवडे पोस्टकार्डं लिहीत बसले. प्रत्येक कार्डावर बरोबर चित्र काढलं आणि खाली लिहिलं, की सूचीपत्रातली जोडणी चुकीची आहे, कूलर बंद करा, हिरवी तार काळीपासून सोडवा. माझं नाव घालून.

उत्तरं फारशी आली नाहीत. काटोलकडच्या एका गावातून मात्र आंतरदेशीय पत्र आलं, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने जपून, वळणदार अक्षरात लिहिलेलं.

"आपण आठवणीने कळवले, आभारी आहोत. आमची थोरली सून गेल्या महिन्यात कूलरमध्ये पाणी भरताना वारली. परंतु चित्रात चूक नसावी. चित्र फार सुबक आहे. तिनेच चप्पल घातली नव्हती."